दुसऱ्याच्या नंबरावरून

सोलापूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. दानव्वास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती आहे. ठेवू नकोस. माझ्यासाठी वाच असं म्हणायला मला तोंड नाही. एका तिसऱ्याच माणसासाठी वाच. त्याचं नाव धनाजी. त्याला तू कधी पाहिलेलं नाहीस, पण त्याचा नंबर तुला चांगला माहीत आहे. त्याची सुटका आज तुझ्या हातात आहे.

पण आधी इकडची खुशाली लिहितो, म्हणजे हाताला जरा सवय होईल. चार वर्षांत तुला उद्देशून एक अक्षर लिहिलेलं नाही.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यंदा जोरात झाली म्हणतात. मी नंदीध्वजांना हात जोडले आणि घरी आलो. परसातला शेवगा इतका लगडलाय की शेजारच्या गंगम्मा रोज पदरातून शेंगा नेतात आणि रोज विचारतात, "दानव्वा यंदा तरी येणार का?" बाईंना गॅस बंद करायचं ध्यानात राहत नाही, हे मात्र बरोबर राहतं. सातरस्त्याजवळचा आपला गाळा चालू आहे. तागड्या आता कुणी दुरुस्तीला आणत नाही, इलेक्ट्रॉनिक काटेच येतात. ते उघडायचे, साफ करायचे, वजनमापवाल्यांचा शिक्का मारून आणायचे, एवढंच काम. डावा गुडघा धरतो. बाकी बरं आहे.

बरं नाही.

धनाजी आमच्या कॉम्प्लेक्सचा वॉचमन. कुंभारीहून सायकल मारत येतो, दुपारी माझ्या गाळ्यासमोर स्टुलावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो, अर्धी मला देतो. त्याचा फोन बटणांचा, रबरबँड लावलेला. कुणीही मागितला तरी नाही म्हणत नाही. डिसेंबरच्या शेवटी त्याला चौकीवरून बोलावणं आलं. पुण्यात राहणाऱ्या एका बाईला त्याच्या नंबरावरून दर सोमवारी फोन येतात, पलीकडचा माणूस काही बोलत नाही, बाई घाबरून गेलीय, अशी तक्रार होती.

बाई म्हणजे तू. फोन मी करत होतो.

लिहिलं एकदाचं. चहा करून घेतला आणि पुन्हा बसलोय.

तू गेलीस त्या आठवड्यात मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घेतली होती, की दानेश्वरीशी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही आणि माझ्या फोनवरून तिच्या फोनवर घंटी जाणार नाही. भाऊबंद जमले होते, पण मला कुणी भाग पाडलं नव्हतं. माझी मीच घेतली, मोठ्या आवाजात. तू मला ओळखतेस. काट्यात चार ग्रॅमचा फरक असला तरी मी तो काटा गिऱ्हाइकाला परत देत नाही. शपथ मी तशीच पाळली, अगदी शब्दाला शब्द. त्यात कुठं लिहिलं नव्हतं की दुसऱ्याच्या फोनवरून लावायचा नाही, आणि कुठं लिहिलं नव्हतं की ऐकायचं नाही.

सुरुवातीला मला माझाच नंबर लपवायचा होता. तुझी मैत्रीण अक्षता आता चौकात मोबाइलचं दुकान चालवते. तिला विचारलं, "आपण फोन लावला आणि समोरच्याला नंबर दिसलाच नाही, असं करता येतं का गं?" ती हसायला लागली. "काका, आपल्याकडं साध्या माणसाला तशी सोय न्हाय मिळत. कुणाला छळायचंय एवढं?" मी म्हटलं, काटेवाल्या कंपनीत तक्रार करायचीय, नाव कळायला नको. मग कुणीतरी सांगितलं की नंबराच्या आधी हॅश लावून काही आकडे दाबायचे, म्हणजे नंबर जात नाही. ते खरं की खोटं बघायला मी आधी धनाजीला लावून बघितला. धनाजी दारातूनच ओरडला, "अण्णा, तुमचंच नाव आलंय की हितं!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्याचा फोन तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातात आला.

पण तो शेवटी वापरला. त्याआधी वर्षभर मी इकडंतिकडं मागून लावत होतो. एसटी स्टँडवर, दवाखान्यात, सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याकडं काटा बसवायला गेलो होतो तिथं. "माझी बॅटरी संपलीय, एक फोन लावू द्या की." सोलापुरात याला कोणी नाही म्हणत नाही. वयस्कर माणूस, कपाळाला विभूती, कोण संशय घेणार? तुझा नंबर मला पाठ. बारावीला मीच घेऊन दिला होता. लग्न झालं, पुण्याला गेलीस, तरी तू तो बदलला नाहीस. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला.

तू म्हणायचीस, "हॅलो... हॅलो, कोण?" आणि ठेवायचीस. तेवढ्यावर माझा महिना जायचा. कधी मागं कुकरची शिट्टी असायची, कधी दिग्विजयराव काहीतरी शोधत असायचे. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या आधी मागं तान्हं बाळ रडलं. ज्याचा फोन घेतला होता तो बिचारा विचारू लागला, "काका, बसता का जरा? पाणी देऊ?" मला नातवंड झालं हे मला असं कळलं. मुलगा की मुलगी, ते अजून माहीत नाही. अक्षताला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. विचारायला मान खाली घालावी लागली असती.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमाराला, सोमवारीच, सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन दुकानात आलो आणि धनाजीचा फोन घेऊन लावला. तू उचलला नाहीस, बाळानं उचलला. नुसता श्वास, मग काहीतरी बडबड. दोन मिनिटं तरी ते माझ्याशी बोलत होतं. शपथ तुझ्यापुरती होती दानव्वा, बाळाशी बोलायला मला पूर्ण मोकळीक होती. "अज्जा आहे मी," एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. समोर स्टुलावर धनाजी भाकरी मोडत बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

त्यानंतर मला हाव सुटली. दर सोमवारी, दुपारी चारला, त्याच फोनवरून. दुसरा फोन शोधत फिरायचाही कंटाळा केला.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात एकदा तू रडलीस. "कोण आहात तुम्ही? का त्रास देता? मी घरी एकटी असते, मला भीती वाटते." मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा लावला. कारण आधी तू दोन शब्दांत ठेवायचीस आणि आता भीतीपोटी चार वाक्यं बोलत होतीस. मला जास्त ऐकायला मिळत होतं. हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण खरं तेच आहे. शिवाय तू दर वेळी उचलायचीस, नंबर ब्लॉक केला नाहीस. मला वाटायला लागलं होतं की तुला कळलंय, आणि तू मुद्दाम उचलतेस. रडणं ऐकूनसुद्धा मी तेच मनाशी धरून बसलो. उचलत राहा असं पोलिसांनी तुला सांगितलं होतं, हे मला धनाजीच्या तोंडून कळलं.

चौकीवरून तो सरळ माझ्याकडं आला. पायरीखाली उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, सोमवारी फोन तुमी घेत हुता की?"

मी म्हटलं, "मी? मी कशाला घेईन? माझा फोन आहे की."

त्यानं फोनचा रबरबँड नीट बसवला. मग म्हणाला, "व्हय व्हय. मीच इसरलो आसंन." आणि जाऊन त्याच्या जागेवर बसला.

दानव्वा, त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पोलिसांना तो सांगतो, फोन कुणीबी मागतं, मी देतो, कुणाला दिला ध्यानात न्हाय. हे कोण खरं मानणार? दर चार दिवसांनी त्याला चौकीवर बसवून ठेवतात. जानेवारीत गाळेवाल्यांची बैठक झाली. बायाबापड्या येतात, असला वॉचमन नको, म्हणून त्याला काढला. त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत. माझीही आहे.

गेल्या आठवड्यात त्याची बायको, रंभाबाई, दुकानात आली. घरात तिनं त्याच्याशी बोलणं टाकलंय. म्हणाली, "अण्णा, तुमी रोज बघत हुता की ह्यास्नी. आसलं करंल का वो ह्यो माणूस? तुमी न्हाय म्हना, मी पोलिसांचं बी ऐकायची न्हाय." मी हातातला काटा पुसत राहिलो आणि म्हटलं, "पोलीस बघतील की." ती गेली. काटा स्वच्छच होता.

आणि एक सांगून टाकतो. धनाजीला बोलावणं आल्यावरही मी तुला एकदा फोन लावला. रसवंतीवाल्याच्या फोनवरून, वीस जानेवारीला. "हा नंबर अस्तित्वात नाही," असं फोनमधली रेकॉर्डवरची बाई म्हणाली, मराठीत आणि इंग्रजीत. मी तीनदा ऐकलं. माझ्याशी भांडून गेलीस तेव्हा जो नंबर तू टाकला नाहीस, तो माझ्यामुळंच टाकावा लागला.

बुधवार, सकाळ

काल पत्र अर्धं ठेवून चौकीवर गेलो होतो. फाटकातून परत आलो. हे तिसऱ्यांदा. म्हणून ठरवलंय, आधी पत्र पोस्टात टाकायचं, स्पीड पोस्टानं, मग चौकी. तुझ्याकडं पत्र निघालं की मला मागं फिरता येणार नाही. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही, पोस्टावर आहे.

तुझा पत्ता अक्षतानं दिला. वही न उघडता लिहून दिला, पिनकोडसकट. म्हणजे तुमचं बोलणं असतं. "काका, पत्र कशाला? नवीन नंबर लावून देते की, बोला," असं म्हणत तिनं फोन पुढं केला. मी हात मागं घेतला. आता शपथेचं कारण सांगत नाही. ती मोडायची माझी तयारी झाली होती. पण तू "हॅलो, कोण?" विचारलंस तर काय सांगायचं, ते मला माहीत नव्हतं.

तुझ्याकडं एवढंच मागणं आहे. तक्रार मागं घे असं म्हणत नाही. घेऊ नकोस, माझ्या नावानं कर. त्या फोनांवरून तुझ्याबद्दल मनात संशय नको म्हणून दिग्विजयरावांनाही हे पत्र दाखव. फक्त धनाजीचं नाव त्यातून काढायला लाव, आणि तसा कागद दे, म्हणजे मी तो कुंभारीला जाऊन रंभाबाईच्या हातात देईन. त्यानंतर माझं जे व्हायचं ते होऊ दे.

चौकी तीच आहे दानव्वा. चार वर्षांपूर्वी लग्न करून तुम्ही दोघं संरक्षण मागायला आला होतात, तीच. साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. तू बाकावर बसली होतीस, आईची जांभळी साडी नेसून. त्यांनी विचारलं, "ही तुमची मुलगी ना?" आणि मी तुझ्या तोंडाकडं बघत म्हणालो, "मी हिला ओळखत नाही." तू "अप्पा" म्हणालीस. मी पुन्हा तेच म्हणालो. आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, तिच्याबद्दल. घरी येऊन घेतलेली शपथ त्या वाक्याला टेकू लावायला घेतली होती, दुसरं काही नाही.

आज मी तिथं जाऊन सगळं सांगितलं की ते तुला फोन करतील. हल्ली व्हिडिओवर माणूस दाखवतात म्हणे. मी त्याच बाकावर बसलेला असेन. ते तुला विचारतील, या माणसाला तुम्ही ओळखता का?

काय सांगायचं ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी मान वर करणार नाही.

पाकिटावर माझं नाव, पत्ता आणि नंबर, तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहिलेत. बाळाच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

सिद्धाराम
(ओळखलंस तर, अप्पा)