आखाजीचं जहाज

गुरुजी, मी समुद्रावर जाऊन आलो. काठावर उभं राहून नव्हे, चांगल्या तीन रात्री पाण्यावर राहून आलो. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होत आली, पण घरी पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी हे कोणाला सांगावं असं मनात आलं, तर तुमचंच नाव आलं.

शिंदखेड्याच्या शाळेतली ती पत्र्याची खोली मला अजून दिसते. चैत्रातली दुपार, पत्रा तडतडतोय, खिडकीबाहेर नांगरून टाकलेलं काळं रान, आणि तुम्ही समुद्राची कविता शिकवताय. आम्हाला बाकांच्या कडा धरायला सांगता आणि चालीवर डोलायला लावता. चाळीस पोरं एका लयीत इकडून तिकडं. हेडमास्तर दारात येऊन उभे राहतात, बघतात आणि निघून जातात. तास संपल्यावर मी विचारलं होतं, गुरुजी, तुम्ही समुद्र कुठं पाहिला? खडूचे हात धोतराला पुसत तुम्ही म्हणालात, "पाहिलाच नाही रे. पाहिला असता तर इतका शिकवता आला नसता." त्याच आठवड्यात तुम्ही माझा निबंध परत दिलात. लाटा, फेस, क्षितिज, जे जे ऐकलं होतं ते सगळं मी त्यात भरलं होतं. वर्गात वाचून दाखवाल अशी खात्रीच होती. तुम्ही म्हणालात, "पाणी पुष्कळ झालं. ह्यात माणूस कुठे आहे?" दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

पुढं धुळ्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली आणि सारी उमर कालव्यांच्या फायली हलवण्यात गेली. पाण्याशी संबंध आला तो एवढाच. निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून मुलगा आला, त्यानं जेवणाच्या टेबलावर दोन रंगीत पुस्तिका ठेवल्या आणि म्हणाला, आबा, तुम्ही आणि आई समुद्रावर फिरून या, मी येतो सोबत, जहाज तेवढं तुम्ही निवडा. दोन्ही जहाजं सिंगापूरहून सुटणारी. एक लहान, पांढरं, शंभरेक माणसांचं, वर डोलकाठी आणि शिडंसुद्धा. दुसरं बारा मजल्यांचं. त्याच्या फोटोत समुद्र कुठं आहे हे शोधावं लागत होतं. गुरुजी, मला विचार करावाच लागला नाही. मी लहान जहाजावर बोट ठेवलं. मनात चित्र तयार होतं: पहाटे कठड्याशी मी एकटा उभा आहे, समोर पाणी, आणि मी तुमची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतोय.

तिकिटं काढून देणारं दुकान स्टेशन रस्त्याला आहे. मालक भला माणूस. म्हणाला, काका, हे जहाज हलतं बरं का, रात्री उशाशीच लाट आपटते, प्रत्येक खाटेजवळ कागदी पिशवी ठेवलेली असते. मी ऐटीत सांगितलं, हलायलाच तर जातोय.

घरात तयारी सुरू झाली. माझ्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घेतले. रोज संध्याकाळी ते घालून गच्चीवर येरझाऱ्या घालायची, वाळत टाकलेल्या पापडांच्या कडेकडेनं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण स्वतःसाठी कुठं जायचं म्हणून तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. आणि मी काय केलं असेल? कॅलेंडरवर निघायच्या तारखेभोवती लाल गोल केला, पण त्याच्या पुढच्या चौकोनांत खाली बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचलंच नाही. जहाजावरचा मधलाच एक दिवस आखाजीचा होता.

तुम्हाला आखाजी काय सांगायची. आपल्याकडं दिवाळीला लेक आली नाही तर निभावतं, अक्षय्यतृतीयेला आली नाही तर अख्खी गल्ली विचारते. आमच्या दोघी, एक चाळीसगावची, एक साक्रीची, लग्न झाल्यापासून एकही आखाजी चुकलेल्या नाहीत. दारच्या निंबाला झोका बांधायचा, खापरावर पुरणाचे मांडे, आंब्याचा रस, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून तिची पूजा. हे सगळं सोडून मी तिला पाण्यावर न्यायला निघालो होतो. तिनं कॅलेंडर वाचलं आणि एवढंच म्हणाली, "पोरी येतीन आखाजीले, अन् त्यास्ले दारले कुलूप दिखी?" बूट खोक्यात गेले. खोकं कपाटावर गेलं. नंतर तिनं त्याचं नावही काढलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मुलाची रजा तेवढीच होती, तारीख सरकणार नव्हती. मी एकटा जावं असं तीच सांगायला लागली, तुम्ही जा, तुमची हौस आहे. पण ती बूट काढून घरात बसणार आणि मी कठड्याशी कविता म्हणणार, हे चित्र काही केल्या जमेना.

शेवटी मी चाळीसगावला फोन लावला. थोरली आधी पोटभर हसली. कॅलेंडर समोर असून आबांना आखाजी दिसत नाही, हे ती आता सासरी सगळ्यांना सांगणार म्हणाली. मग म्हणाली, "आबा, माहेर म्हणजे काय विटांच्या भिंती? आई असेल तिथं आम्ही येऊ." दोघींचे पासपोर्ट मुलानं आमच्याबरोबरच काढून घेतले होते, पुढंमागं लागतील म्हणून. लहान जहाजावर मात्र जागा उरली नव्हती. मोठ्यावर होती, हवी तेवढी. मी तिकिटं बदलायला पुन्हा दुकानात गेलो, ह्या वेळी बायकोला घेऊन. तिनं मालकाला असे प्रश्न विचारले की तो बिचारा पुस्तिका मिटून बसला. सगळ्या बायकांना एका जागी बसता येईल का, गाणी म्हटली तर कोणी रागावेल का, झोका बांधायला आडवी तुळई आहे का. साक्रीच्या विहीणबाईंनी निरोप पाठवला की पोरगी माहेरी चालली आहे, मग ते माहेर बारा मजल्यांचं का असेना. बूट खोक्यातून बाहेर आले.

जहाज इतकं मोठं, गुरुजी, की ते सुटलं कधी हे आम्हाला कळलंच नाही. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. आखाजीच्या सकाळी बायकोनं आमच्या लहानशा खोलीत तांब्यात पाणी भरलं, वर वाटी ठेवली, घरून आणलेली सांजोरी ठेवली. खरबुजाची फोड थोरलीनं नाश्त्याच्या टेबलावरून रुमालाखाली लपवून आणली. तिथं हवं तेवढं घ्या म्हणतात, पण आपल्याला तशी सवय कुठं? माझ्या आईवडिलांची नावं घेऊन झाली तेव्हा मी तुमचंही घेतलं. बायकोनं एकदा वर पाहिलं.

तुळई सापडली नाही. पण सगळ्यांत वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या खेळायच्या जागेत एक झोका होता. धाकटी, दोन लेकरांची आई, त्यात कशीबशी मावली. मग थोरली बसली. दोघी आखाजीची गाणी म्हणायला लागल्या तशी कुठकुठली माणसं भोवती गोळा झाली. मग त्यांनी आईला ओढून आणलं. ती नाही नाही म्हणत बसली, पदर खोचला, दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. मुली टाळ्यांचा ठेका धरून उभ्या, म्हणून झोका द्यायला मीच मागं गेलो. लग्न झाल्यापासून मी तिला कधी झोका दिला नव्हता, आपल्यात पुरुष कुठं देतात? ती पुढं जाते तेव्हा कठड्यापलीकडं नुसतं पाणी, आणि त्या पाण्यावर तिचे ते पांढरे बूट. मी जपून लोटत होतो. तिनं मान न वळवता म्हटलं, "जोरमा लोटा ना जरा."

कविता म्हणायची राहून गेली. पहाटे उठायचं ठरवलं होतं, पण रोज रात्री उशिरापर्यंत कोणी ना कोणी गप्पा मारत खोलीत बसलेलं असायचं, आणि खरं सांगतो, कवितेची आठवणही झाली नाही. तुम्हाला ह्याचा राग येणार नाही असं वाटतं.

आता परत येऊन आठवडा झाला. गल्लीत बायको सगळ्यांना सांगते की ह्यांना लहान जहाज हवं होतं, लहानपणापासूनची हौस, पण माझ्यासाठी आणि पोरींसाठी ह्यांनी ते सोडलं. बायका माझ्याकडं आदरानं बघतात. काल साक्रीच्या विहीणबाईंनीसुद्धा फोनवर कौतुक केलं.  हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, घरात कोणाच्या हाती लागू देणार नाही, लिहून झालं की फाडून टाकणार आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. दुकानाचा मालक त्या उशाशी आपटणाऱ्या लाटेचं सांगत होता ना, तेव्हाच माझ्या तळहातांना घाम फुटला होता. पैसे भरून बाहेर पडलो आणि तिकीट कसं बदलता येईल ह्याचाच विचार करत घरी आलो. बायकोनं आखाजीचं काढलं तेव्हा चेहरा मी पाडला खरा, पण गुरुजी, त्या रात्री मला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.