एका व्हॉल्वपायी अडलेलं लग्न

तीर्थस्वरूप बूशैबमामा,

अस्सलामु अलैकुम. तुमचे गुडघे, मामीचा रक्तदाब आणि मराकेशच्या उन्हात दिवसभर घोरत पडणारा तुमचा तो लठ्ठ बोका, सगळ्यांना अल्लाह सुखी ठेवो. इकडे साफीत क्षेम आहे. समुद्र जागेवर आहे, सार्डिन मासळी येते आहे, आणि आई रोज तुमची आठवण काढते (विशेषतः माझ्यावर ओरडताना, कारण मी तुमच्या वळणावर गेलोय असं तिचं ठाम मत आहे). माझ्या लग्नासाठी तुम्ही नवा जेलाबा शिवायला टाकलाय असं कळलं. शिंप्याला जरा दमानं घ्यायला सांगा. लग्न मोडलेलं नाही, पण धडही राहिलेलं नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन मामी उचलते, आणि मामीला कळलं की मराकेशला वेगळं कळवावं लागत नाही.

सुरुवात आमच्या मासळी डबाबंद करायच्या कारखान्याच्या मालकांनी केली. हाज तुहामी कासाब्लांकाला कारखानदारांच्या कुठल्याशा परिषदेला फुकटच्या जेवणासाठी गेले आणि येताना ऊर्जाबचतीचं वेड घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बॉयलरपाशी उभं करून गरजले, "सोन्यासारखी वाफ वाया चाललीय! आपण इथे मासे शिजवतो की आभाळ?" सगळे हसले. मी डबे बंद करायच्या मशीनजवळ होतो, मला ऐकूच आलं नाही, म्हणून मी हसलो नाही, आणि तेवढ्या गंभीरपणावर मला ऊर्जाप्रमुख नेमण्यात आलं. पगार तोच, वर एक शिट्टी. (हाजसाहेबांच्या केबिनमध्ये एसी आणि उघडी खिडकी या दोघी सवती वर्षानुवर्षं एकत्र नांदतात. तिकडे शिट्टी वाजवायची नाही, हे न सांगताच ठरलं.)

मामा, अधिकार मिळाला की माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला एकदा मशिदीच्या चपलांवर लक्ष ठेवायला बसवलं होतं तेव्हा तुम्ही इमामांनाच अडवलं होतंत. मी दिवे मालवत सुटलो. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतला दिवा त्या आत असताना मालवला, तेव्हा आतून आलेल्या शिव्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग गळत्यांच्या मागे लागलो. बॉयलरखोलीत वाफेच्या नळाला एक गळती होती. तिच्याखाली किटली धरून सगळा कारखाना पुदिन्याचा चहा करायचा. ती मी बुजवली. त्या दिवसापासून मला कुणी चहा विचारला नाही. फक्त गिझलान म्हणाली (ती डबे भरणाऱ्या बायकांची मुकादम, आणि अल्लाहच्या मनात असलं तर तुमची भाचेसून), "जिलाली, वाफ वाचव हवी तेवढी. पण चहाबाजांचे शाप साठवू नकोस, ते फुटतात." मी शिट्टी वाजवून तिला हसवायला गेलो. ती हसली नाही.

मग कासाब्लांकाहून सुकैना नावाच्या तज्ज्ञ बाई आल्या. त्यांच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता; त्यातून बघितलं की जे जे गरम ते ते लाल दिसायचं. बाईंनी पत्रे पाहिले, उघडे नळ पाहिले, दार सताड उघडं टाकलेलं शीतगृह पाहिलं, आणि दर वेळी "अरे देवा" म्हणाल्या. शेवटी मागच्या भिंतीपाशी थांबल्या. मासे शिजवून झालेल्या वाफेचं कढत पाणी एका जाड नळातून त्या भिंतीत शिरत होतं आणि पुढे कुठे जात होतं ते कुणालाच सांगता येईना. बाई म्हणाल्या, "हे पाणी परत बॉयलरमध्ये घेतलं तर तेल बरंच वाचेल. पण आधी हा नळ जातो कुठे ते शोधा." यातलं पहिलं वाक्य मला फार आवडलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी मी मनातल्या मनात हाजसाहेबांच्या हातून ढाल स्वीकारत होतो.

गुरुवारी दुपारी मी पाणी बॉयलरकडे वळवलं आणि भिंतीकडचा व्हॉल्व स्वतःच्या हाताने घट्ट बंद केला.

भिंतीपलीकडे लल्ला तामूंचा, म्हणजे गिझलानच्या आईचा, हमाम आहे, हे मला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. पोरपणापासून मी तिथे अंघोळ करतोय. पण गरम पाणी येतं कुठून, हे अंघोळ करताना कोण विचारतं? शिवाय हमामच्या दाराशी लाकडांची ही एवढी रास आहे. ती लाकडं तिथे इतकी वर्षं आहेत की त्यांच्यात मांजरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या, आणि एकही ओंडका कमी झालेला नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

आणि मामा, त्याच गुरुवारी, त्याच दुपारी, त्याच हमाममध्ये माझ्या नवरीची लग्नाची अंघोळ होती. मेणबत्त्या लावलेल्या, आत्या, मावश्या, चुलतबहिणी, कारखान्यातल्या अर्ध्या बायका, सगळ्या आत. गाणी अगदी रंगात आली होती. गिझलानच्या केसांत मेंदी आणि अंगभर काळा साबण, आणि नेमकं तेव्हा नळातून जे पाणी आलं ते थेट समुद्रातून आल्यासारखं. गाणी थांबली. आवाज तेवढा थांबला नाही, फक्त त्यातला आनंद गेला. तो आम्हाला भिंतीतून ऐकू आला. हाजसाहेब कौतुकाने म्हणाले, "बघा, लग्नघर कसं गाजतंय!"

थोड्याच वेळात लल्ला तामू तांब्याची बादली घेऊन कारखान्यात शिरल्या. मागे टॉवेल, चादरी, जेलाबा, जे हाताला लागलं ते गुंडाळून सगळं वऱ्हाड. कामगारांनी शहाण्यासारखी तोंडं भिंतीकडे फिरवली. हाजसाहेब शीतगृहात शिरले आणि आतून दार लावून घेतलं (ते दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं). मी एकटाच शिट्टी गळ्यात घालून उभा होतो.

"कुणी बंद केलं?" लल्ला तामूंनी विचारलं.

"बचत होते त्याने," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर शोधायला मला अजूनही वेळ लागेल.

"बचत! अरे मुडद्या, या पोरी रोज तुझ्या मासळीत कोपरापर्यंत बुडतात आणि घरी जायच्या आधी माझ्याकडे फुकट धुऊन निघतात. त्या बदल्यात तुमचं उरलेलं पाणी माझं. तुझ्या मालकाच्या बापाने माझ्या सासूला शब्द दिला होता. तू कोण टिकोजी लागून गेलास तो फिरवणारा?"

गिझलान मागे उभी होती. केसांतली मेंदी कपाळावर ओघळत होती, दात वाजत होते. मामा, तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

व्हॉल्व मी तिथल्या तिथे उघडला. पण मागणीच्या वेळी आम्ही नेलेले साखरेचे सुळके संध्याकाळी घरी परत आले, म्हणजे मागणीच परत आली. एक अर्धा खाल्लेला होता, त्यावर मी थोडी आशा धरून आहे. सुकैनाबाईंना कळवलं तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, अख्ख्या कारखान्यात दोनदा कामाला येणारी उष्णता तेवढी एकच होती, आणि नेमकी तीच तुम्ही बुजवलीत! आता केबिनची खिडकी बंद, नळांना वेष्टण, शीतगृहाचं दारही बंद, आणि हमामचा नळ अहवालात नमुना म्हणून. हाजसाहेब ती कल्पना आपली म्हणून सांगत फिरतायत. सगळ्यांचं भलं झालं, फक्त माझं लग्न तेवढं थंड पडलं.

मामा, मी चाळिशीला आलोय. लिहायला लाज वाटते, पण मला ती हवी आहे. तिच्याशिवाय या गावात मला कुणी नीट ओरडलंही नाही.

मामीला सलाम, बोक्याला थोपटा.

तुमचा भाचा,
जिलाली

ता. क. तो नळ तरुणपणी तुम्हीच बसवला होतात असं आई सांगते. तर एक छोटीशी विनंती. तुम्ही एवढंच म्हणायचं की तो व्हॉल्व तेव्हा तुमच्या हातून उलटा बसला. म्हणजे भाच्याने बिचाऱ्याने हमामला जास्त पाणी सोडायला चावी फिरवली आणि तो बंद झाला. तुमची नोकरी संपली, पेन्शन सुरू आहे, तुमचं आता कोण काय वाकडं करणार?

ता. क. २. तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री होती, म्हणून लल्ला तामूंना मी हे कालच सांगून टाकलं. त्यांचा विश्वास बसला. तुमचं नाव ऐकताच बसला, का ते तुम्हीच जाणा. गिझलानचा अर्थातच बसला नाही. ती म्हणाली, "खोटं बोलायलाही तुला मामा लागतो?" आणि हसली, मामा! म्हणाली, आईची माफी मागितली गेली की सुळके परत घेऊ. कोण मागतो याच्याशी तिला कर्तव्य नाही.

ता. क. ३. हे पत्र मराकेशच्या सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. लल्ला तामू त्याच गाडीत, त्याच्याच मागच्या सीटवर आहेत. बादली मांडीवर आहे. ड्रायव्हरला सांगितलंय की बाईंना आधी चहा पाज आणि पत्र धावत नेऊन दे, तेव्हा तुम्हाला वाचायला तेवढा वेळ मिळावा. दारावर थाप पडली असेल तर मामीला पाठवू नका. स्वतः उघडा, आणि तोंड अपराधी ठेवा.