भज्यांची साखळी आणि शालनची बारावी

विठ्ठलवाडी,
ऑगस्ट १९९८

चि. सौ. कांता हिस देवरामदादाचा सप्रेम जयभीम.

तुझी पाठ कशी आहे? उत्तमदाजींचा गुडघा लावणीनंतर वाकतो का? आवडाबाईंना नवी कवळी बसली, की कवळी डबीत आणि त्या पेजेवर? धाकट्याचा खोकला गेला असेलच. म्हैस खाते ना? (तिला शेवटी विचारलं म्हणून राग नको. तुमच्या घरात कुरकुर न करता काही देणारी तीच एक.) आम्ही मजेत आहोत. फक्त तुझी वहिनी रमाबाई माझ्याशी बोलत नाही, त्याचीच ही हकीकत.

तुझं पत्र पोचलं. शालन बारावीला बायोलॉजीत गेली, आता ऑक्टोबरातही गेली तर शिक्षण बंद आणि दिवाळीनंतर आसनगावच्या वीटभट्टीवाल्यांच्या घरी सून म्हणून, असं तुम्ही ठरवलंत. भाची माझ्याकडे राहून शिकते, म्हणजे माझंही नाक कापलं जायचं. म्हणून तिचं पुस्तक मीच चष्मा लावून वाचायला घेतलं. (सातवी पास माणसाला भीती कशाची? नापास व्हायचं ते तिला!)

तर आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे चिमुकले कारखाने असतात. त्यांच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची पाच यंत्रं रोवलेली. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन त्यांतली पहिली चार हातोहात पुढे सरकवतात, आणि त्यातून सुटलेल्या जोरावर प्रोटॉन नावाचे कण पडद्यापलीकडे उपसतात. पलीकडे दाटी झाली की ते पाचव्या यंत्रातून परत घुसतात, ते गरगर फिरतं आणि एटीपी बनवतं. त्याच्यावर आपण चालतो, बोलतो, भांडतो. (आमच्या चाळीतलं एटीपी मुख्यतः कुठे खर्च होतं, ते तुला ठाऊक आहे.)

शालनला हे डोळ्यांनी दिसावं म्हणून रविवारी चाळीच्या अंगणात मी देखावा मांडला. टेबलावर पाण्याचं पिंप, खाली नळ, नळाखाली पत्र्याचं चाक. हे पाचवं यंत्र. इलेक्ट्रॉन म्हणजे कढईतून काढलेलं गरम भजं, कारण ते कुणी हातात धरून बसत नाही. प्रत्येकानं भजं पुढे द्यायचं आणि एक तांब्या पाणी पिंपात ओतायचं. पहिलं यंत्र सगळ्यांत बोजड, म्हणून तिथे चाळीचे अध्यक्ष आबा. दुसऱ्या यंत्राकडे माल वेगळ्या दारानं येतो, ते पुढे ढकलतं, पण स्वतः काही उपसत नाही. तिथे आमचे चिटणीस धोंडिबा. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. तिसऱ्या-चौथ्या जागी पोस्टातले दोघे भाऊ. शेवटी ऑक्सिजन म्हणून चाळीतला खादाड रामा. त्याचं काम फक्त आलेलं भजं खाणं. त्याहून लायक माणूस कल्याण तालुक्यात सापडला नसता.

चाक असं फिरलं म्हणतेस! टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात रामाला पान खायची तल्लफ आली, तो न सांगता नाक्यावर गेला. झालं! चौथ्याच्या दोन्ही हातांत भजी, तिसऱ्याच्या ओंजळीत भजी, आबांनी तर नेहरूशर्टाच्या खिशात कोंबली आणि बोंब ठोकली. तांब्या उचलायला कुणाचा हात मोकळा नाही. पिंप आटलं, चाक थांबलं. रमाबाई मात्र तळतच होती, कारण तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही. एक म्हणे चाक वाकडं, दुसरा म्हणे तेल भेसळीचं, धोंडिबा म्हणाले, "चौकशी समिती नेमा!" (दोन हातांत दोन भजी धरून.)

जिन्यावर बसलेली शालन हसून हसून लोळली. मग उठून म्हणाली, "अहो मामा, चाकाला काय धाड भरली? शेवटी घ्यायला ऑक्सिजनच नाही, म्हणून मागची सगळी साखळी तुंबली! उपसा बंद, तर चाक कसलं फिरतंय? माणूस गुदमरतो तो असाच." आणि पुढची पंधरा मिनिटं पुस्तक न उघडता तिनं अख्ख्या चाळीला शिकवलं. मी खाली बसून ऐकलं. ही पोरगी नापास कशी झाली, हे मला तिथेच कळेनासं झालं.

महिन्याचं बेसन संपलं, आबांचा तळहात पोळला. बाकी क्षेम.

तुझा,
देवरामदादा

ता. क. : ते कोडं रमाबाईनं अबोला मोडून सोडवलं. पेपरच्या आदल्या दिवशी तुझ्या पुतण्याच्या हळदीला शालनला तू बोलावून घेतलंस, हे मला माहीत होतं. पण पोरीनं रात्रभर पुऱ्या लाटल्या आणि सकाळी पेपरावर डोकं ठेवून झोपली, हे शालननं मला सांगितलं नव्हतं. आईचं नाव खराब होईल म्हणे.

आणखी एक : परीक्षा होईपर्यंत तुमच्या खडवलीत कुणाचं लग्न, बारसं, जावळ निघालं तर पुऱ्या लाटायला मी येतो. गोल येत नाहीत, चालवून घे. वीटभट्टीवाल्यांना 'मुलगी शिकते आहे' एवढंच कळव. उत्तर लवकर लिही, पण पत्र माझ्या नावानं टाक. तिला सध्या वाचायला खूप आहे.