जिन्यावरून थेट कोर्टात

३ मार्च
वाचनालयाच्या फिल्म क्लबात तेवीस तारखेला माझं भाषण ठरलं. विषय: हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंच्या काळातला एक स्वस्तातला थ्रिलर. कृष्णधवल, अवघी अठ्ठावन्न मिनिटं. जगाने दुर्लक्ष केलं, मी अकरा वेळा पाहिला. संकल्प: रोज दोन पानं लिहायची.

७ मार्च
पान एकही नाही. चष्म्याच्या दुकानात गर्दी. पण मुख्य मुद्दा पक्का: नायक जिना चढतो, आणि पुढच्याच शॉटला खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभा. खून दाखवतच नाहीत. केवढी हिंमत. बायको म्हणाली, मधलं काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. तिला समजावलं, की राहिलंय तीच तर कला. तिने इस्त्री चालूच ठेवली.

१५ मार्च
दीड पान. मोठ्या अक्षरात. दुकानात मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आधी त्या बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवा.

२२ मार्च
घसा बसला. मोठ्या वक्त्यांचं असंच होतं म्हणे.

२३ मार्च, रात्री
चौदा माणसं, बायको धरून. सिनेमा दाखवला, मग चाळीस मिनिटं बोललो. त्यातली पंचवीस जिन्यावर. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले. जन्मभर थिएटरात प्रोजेक्टर चालवलेला माणूस. अगदी नम्रपणे म्हणाले, साहेब, तुमच्या कॉपीत एक रीळच नाहीये. नऊ मिनिटांचं. खून त्यात आहे.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, पूर्ण कॉपी मागवू, पुढच्या रविवारी सगळे मिळून बघू. मी म्हणालो, अवश्य. दुसरं काय म्हणणार?

३० मार्च
पूर्ण पाहिला. खून नायकाने केलेलाच नाही. त्याच्या बायकोने केलाय, तो अंगावर घेतो. कोर्टात तो गप्प का, यावर मी 'आधुनिक माणसाचं मौन' असा परिच्छेद लिहिला होता.
दोघंतिघं डोळे पुसत होते. सिनेमा खरंच चांगला आहे. माझ्या मदतीशिवायही.
मग माझी बायको बोलायला उठली. म्हणाली, जिन्यावर तो एकदा मागे वळून पाहतो ना, तेव्हाच त्याला सगळं कळलेलं असतं. तो शॉट माझ्याही कॉपीत होता. ग्रंथपालबाईंनी पुढच्या महिन्याचं भाषण तिला दिलं.
घरी येताना तिने विचारलं, राग आला का. नाही म्हणालो. मग तिनेच विचारलं, माझं भाषण टाइप करून देशील का.

४ एप्रिल
टाइप करतोय. बरं लिहिते. मध्ये एक वाक्य माझ्या मनाचं घातलं होतं. काढून टाक म्हणाली. काढलं.