वेंगुर्ल्याच्या चौतीस नोंदी

करामा, दुबई
शुक्रवार

प्रिय शोभना,

तुझा ग्रंथ मिळाला. माझे धाकटे दीर शैलेंद्र पुण्याहून परतताना सामानातून घेऊन आले, आणि त्याच्या वजनापायी लोणच्याच्या दोन बरण्या मागे ठेवाव्या लागल्या म्हणून विमानतळापासून घरापर्यंत कुरकुरत होते. कोकणच्या स्थानिक इतिहासाच्या साधनांची सूची, नऊशे बारा पानं, आणि वर एकटं तुझं नाव. अभिनंदन करायला हवं, करते. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, ते नाव बघून माझ्या पोटात दुखलं.

सत्तावीस वर्षांपूर्वी संस्थेच्या त्या पत्र्याच्या खोलीत आपण कार्डं लिहायला घेतली तेव्हा नावं दोन होती. मग माझं लग्न झालं, मी इकडे आले आणि तू तिथेच राहिलीस. मी इथे एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे इंजिनिअरांच्या नकाशांना नंबर देते आणि कुठला नकाशा कुणाकडे गेला ते लिहून ठेवते. ग्रंथालयशास्त्राची पदवी अशी कामी आली. तुझ्या सत्काराचे फोटो मी ऑफिसात मोबाइलवर पाहिले आणि त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बिचाऱ्या यम्नावर उगाच ओरडले. प्रस्तावनेत तू मला एक वाक्य दिलं आहेस: ‘वेंगुर्ले तालुक्यातील नोंदी वासंतीने प्रत्यक्ष पाहिल्या असल्याने त्या पुन्हा तपासलेल्या नाहीत.’ एकच वाक्य. तुझ्या घरमालकांना दोन आहेत, मी मोजली.

त्रैमासिकाच्या संपादकांनी परीक्षण मागितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हातात पेन्सिल घेऊन महिनाभर मी फक्त तुझी चूक शोधत होते. रत्नागिरीत सापडली नाही, मालवणात सापडली नाही. इतकं नीट काम केलं आहेस की मला तुझा रागच आला. शेवटी वेंगुर्ल्यात सापडली. बंदरांच्या इतिहासाखाली तू १९११ चं एक पुस्तक घातलं आहेस. तिथल्या वाचनालयातल्या रिद्धी नावाच्या मुलीला मी व्हॉट्सॲप केलं, तिने पानांचे फोटो पाठवले. ते तीन अंकी नाटक निघालं! मग मी तिच्या मागेच लागले. वेंगुर्ल्याच्या चौतीस नोंदींपैकी अकरा चुकीच्या, त्यातली आठ पुस्तकं तर त्या वाचनालयात कधी नव्हतीच. त्या संध्याकाळी मी शिरा केला. अरुणने कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. मिहिका सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून नुकतीच आली होती. ती बूट काढता काढता म्हणाली, “आई, यू आर जस्ट जेलस.” मी म्हटलं, हो, आहे.

परीक्षण एका बैठकीत लिहून झालं. ‘पुस्तक हातात न घेता ते पाहिल्याचा दावा करणं सूचिकाराला अक्षम्य आहे,’ असं एक वाक्य त्यात होतं. फार छान जमलं होतं.

यापुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. आपला नियम तुला आठवत असेलच. न पाहिलेल्या पुस्तकाच्या कार्डावर कोपऱ्यात पेन्सिलीने फुली, आणि पुस्तक हातात घेतल्यावरच ती खोडायची. वेंगुर्ल्याची चौतीसही कार्डं एका विक्रेत्याच्या जुन्या यादीवरून उतरवलेली होती, सगळ्यांवर फुल्या. तपासायला मी जायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात अरुण दहा दिवसांच्या रजेवर मुली बघायला आला आणि आईने मला ठाण्याला बोलावून घेतलं. मी वेंगुर्ल्याला गेलेच नाही, शोभना. लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या घरी बसून मी चौतीस फुल्या खोडरबरने खोडल्या. तुला येऊन सांगितलं की तिकडे आंबोळ्या फार छान मिळाल्या. तू विश्वास ठेवलास, आणि आता छापलासही.

आणखी एक सांगते. रिद्धीचे पहिले फोटो आले तेव्हाच मला हे सगळं आठवलं होतं. शिरा मी त्यानंतर केला. परीक्षणही त्यानंतरच लिहिलं, तुझ्या नावावर. तुझं नाव थोडं खाली यावं एवढंच मला हवं होतं.

आज सकाळी परीक्षण पाठवलं. अकराही चुका त्यात आहेत, फक्त त्या कुणाच्या हे आता लिहिलं आहे. अंक महिनाअखेर येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. दुसऱ्या आवृत्तीत त्या चौतीस नोंदींवर फुल्या घाल आणि प्रस्तावनेतलं माझं वाक्य काढून टाक. तू ते काढशीलच, आणि मला वाईट वाटेल, कारण त्या पुस्तकात माझं दुसरं काहीच नाही.

रागावलीस तरी तुझीच,
वासंती