मजगीसाठी माझगाव

चिंचपोकळी, रविवार

तीर्थरूप धोंडूकाका यांस दीपकचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, पण पत्रात वाकायला हरकत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काकीचा खोकला थांबला का? आम्ही इकडे तुम्ही पाठवलेल्या उकड्या तांदळाची पेज पिऊन मजेत आहोत. हा तांदूळ पिकतो ते वरच्या उताराचं खाचर गेल्या पावसात बांध फुटून निम्मं वाहून गेलं, हे कळल्यापासून मात्र पेज घशाखाली उतरताना कसंतरीच होतं.

म्हणूनच तुमचा फोन आल्याबरोबर मी कंबर कसली. (धरली ती तेव्हाच.) "मजगीसाठी सरकारी मदत खंय गावता, ती बघ," असं तुम्ही म्हणालात. आता रेंजचा दोष म्हणा की माझ्या कानाचा, मला ऐकू आलं माझगाव. रजा टाकून तिथे गेलो आणि दिसेल त्या सरकारी पाटीखाली शिरलो. एका रखवालदाराने विचारलं, बोटीचं काम आहे का? मी म्हटलं, भाताचं आहे. त्याने मला कँटीनचा रस्ता दाखवला. शेवटी एका कचेरीत हितेंद्र नावाचे गृहस्थ भेटले. शेतीशी त्यांच्या टेबलाचा काहीएक संबंध नव्हता, तरी चहा मागवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या संघमित्राबाई (माहेर मंडणगडकडचं) इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. उतारावर बांध घालून भाताची खाचरं पाडतात ती मजगी, तिच्यासाठी योजना असते, पण अर्ज गावातच कृषी सहायकाकडे करायचा, हे त्यांनीच सांगितलं. मग दोघांनी इकडेतिकडे फोन फिरवून आपल्या गावच्या सहायकाचा नंबर काढून दिला. परक्या माणसासाठी कोण एवढं करतं हो? मला तिथेच भरून आलं.

नंबर लावला, तर पूर्वी नावाच्या बाई बोलल्या. काका, त्या तुमच्याच शेजारच्या घरात भाड्याने राहतात. खळ्यात स्कूटर लावते म्हणून तुम्ही रोज सकाळी जिच्यावर ओरडता, ती हीच. हात जोडतो, तिला एकदा घरी बोलवा, काकीच्या हातचे घावणे खाऊ घाला आणि स्कूटर सुखाने लावू द्या. त्या खाचराने आम्हा भावंडांना पोसलं. त्याचे आणि तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, ते आज लिहून टाकतो.

तुमच्या तांदळावर वाढलेला,
दीपक

ता. क. पूर्वीबाई रागावलेल्या नाहीत. तुम्ही हाकलल्यावर त्या स्कूटर वरच्या उताराशी नेऊन लावतात आणि तिथून त्यांना रोज तुमचा फुटलेला बांध दिसतो. यंदाच्या कामांत तो त्यांनी आपणहून सुचवला आहे. फक्त तुमचा अर्ज आणि सातबारा हवा. तो मागायला यायची त्यांना भीती वाटते.

आणखी एक ता. क. घावणे जरूर घाला. स्कूटरचं मात्र बांध पुरा होईपर्यंत राहू द्या. रोज सकाळी थोडं ओरडत जा.