दोन वर्षं की पाच

९ एप्रिल, दुपार

ती. दादास,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. परीक्षा संपल्या का त्यांच्या? इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येत आहे तशीच आहे, म्हणजे बरीच म्हणायची.

पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण मी घरून फोन लावला की पलीकडच्या खोलीत बाबा कान टवकारतात, आणि तू नेहमी कुठेतरी निघालेला असतोस. म्हणून चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून जेवायच्या सुट्टीत लिहितेय. अक्षर हलेल, टेबल हलतंय.

आधी वॉशिंग मशीनचं सांगते. मंगळवारी आलं. छान आहे, आवाज जवळजवळ नाहीच. तू पैसे पाठवलेस म्हणून आलं, नाहीतर माझी मनगटं संपावरच जाणार होती. रोजच्या चादरी, वरून बाबांचे कपडे. हल्ली ते ओली चादर गादीखाली दडवून ठेवतात. मी बघितलं न बघितल्यासारखं करते आणि ते आंघोळीला बसले की काढून घेते. त्यांनाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. अळीमिळी गुपचिळी.

तू तीनदा विचारलंस, पाच वर्षांची वॉरंटी घेतलीस ना? वहिनीनेही मेसेज केला. मी दरवेळी "बघते" म्हटलं. तर आता सांगते. नाही घेतली.

त्या दिवशी मशीनच्या दुकानातून तुला व्हिडिओ कॉल लावला होता, आठवतंय ना? तो टाय लावलेला विक्रेता कागद पुढे सरकवून म्हणाला, "ताई, कंपनीची दोन वर्षं आहेतच. वर तीन आमची घ्या. पाच वर्षं या मशीनकडे बघायला नको." आणि तू फोनमधून म्हणालास, "घे गं ठकू, पाच वर्षं निर्धास्त!" मग कॉल तुटला. रेंज गेली असं मी तुला नंतर सांगितलं. रेंज गेली नव्हती. मी कापला.

मी त्या कागदाकडे बघत उभी राहिले. विक्रेत्याला वाटलं, मी अटी वाचतेय. मग खरंच वाचल्या. रबर झिजलं तर नाही, पाइप फुटला तर नाही, गंज चढला तर नाही, विजेच्या चढउतारानं जळलं तर नाही. मी म्हटलं, "अहो, मग बिघडतं काय यात?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, मनाला शांती असते." मोटरची हमी तर कंपनीच दहा वर्षं देते. म्हणजे हिशेबानं बघितलं तरी ती वॉरंटी घेण्यात शहाणपण नव्हतं. तुला हे एवढंच कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, बरं केलंस, आणि विषय मिटला असता.

पण मी त्यामुळे नकार दिला नाही, दादा. मी तिथे उभी होते आणि मला पाच वर्षं दिसत होती. एकेक सकाळ. बाबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, शेजारच्या काकूंना किल्ली द्यायची, धावत दुकान गाठायचं, धावत परत यायचं. मी तेव्हा शेहेचाळीसची असेन. आणि पाच वर्षं संपल्यावर काय होईल याचा विचार मनात आला, आणि तो कसला विचार आहे हे कळल्यावर मी कागद परत सरकवला. आपल्या बापाची मुदत मोजणारी मुलगी! मी विक्रेत्याला म्हटलं, "दोन पुरेत," आणि सही न करता बाहेर आले.

मंगळवारी कामावरून घरी आले तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले. मशीन जोडणारा माणूस येऊन गेला होता. पक्षाघातानंतर बोलणं अडखळतं, पण त्या दिवशी स्वच्छ विचारलं, "गॅरंटी किती?"

मी म्हटलं, "दोन वर्षं."

त्यांचा चेहरा पडला. "दोनच? दादा तर पाच म्हणाला होता."

"पाच घेऊन काय करायचं, बाबा?"

"लागतील ना," ते म्हणाले. चांगला हात माझ्या हातावर ठेवला. "तू आहेस, मी आहे. पाच कुठल्या कुठे जातील."

दादा, त्यांना जगायचं आहे. मला वाटत होतं, ते कंटाळले असतील. ते अजिबात कंटाळलेले नाहीत. माझा हात धरून एवढ्या आशेनं बघत होते की मी म्हटलं, "हो हो, विसरलेच, पाचची घेतलीय." ते खूश झाले. रात्री पोळी जास्त खाल्ली. आता रोज विचारतात, कागद नीट ठेवलास ना? मी म्हणते, कपाटात आहे. कपाटात काही नाही.

आता ते दुसरं. आमचे मालक पुढच्या शहरात नवं दुकान काढतायत, मोठं, डोळे तपासायची खोली असलेलं. मला म्हणाले, "तुम्ही सांभाळा. वर राहायला दोन खोल्याही आहेत." मी बघते म्हटलं. मी सगळ्यांनाच बघते म्हणते, तुला माहीतच आहे. तीन आठवडे त्यांनी परत विचारलं नाही, भला माणूस. काल विचारलं. मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घ्यावंसं वाटेना.

जूनमध्ये जायचं आहे. तिथून इथे रोज येणं-जाणं शक्य नाही, आणि दोन खोल्यांचा जिना एवढा उभा आहे की बाबांना वर नेता येणार नाही. ते मी मालकांना विचारून घेतलं. बाबा माझ्याबरोबर येऊ शकतात असं निघालं असतं, तर मी इथेच राहिले असते बहुतेक. तू हे कोणाला सांगू नकोस.

तू पैसे पाठवतोस. कधी कुरकुर केली नाहीस, हे मी विसरलेले नाही. पण गेल्या वर्षी तुला यायला जमलं नाही, त्याआधी मुलांची शाळा होती, आणि यंदा तू मशीन पाठवलंस. चांगलं मशीन आहे, पुन्हा सांगते. ते चादरी धुतं. बाबांना कुशीवर वळवत नाही.

त्यांना तू तिकडे ने, किंवा तू इथे येऊन राहा, किंवा दिवसरात्रीचं माणूस ठेव आणि ते कसं आहे ते स्वतः बघ. यातलं काय ते मी सुचवणार नाही. इतकी वर्षं मीच सुचवत आले आणि शेवटी मीच करत आले. या वेळी तू ठरव.

मालक हाक मारतायत, कोणीतरी चष्मा घ्यायला आलंय. संपवते.

बाबांना यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मी सांगायला बसले तर ते माझा हात धरतील, आणि मी राहीन. पाच वर्षं, सात वर्षं, कितीही. मी स्वतःला ओळखते. म्हणून उत्तरात फोन करू नकोस, पैसेही पाठवू नकोस. जून लागायच्या आत ये, आणि त्यांना तू सांग.

तुझी वाट बघणारी,
ठकू